बी.एस्सी. फिजिक्स: तात्यांच्या वहीतला हिशेब

बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले असतील. शनिवारी मी गावी आले होते आणि सकाळीच तात्या दारात उभे. तात्या म्हणजे आमच्या भावकीतले, त्यांच्या बागेचा बांध आमच्या बागेला लागून आहे. सोबत त्यांची मुलगी आणि काखेत बेदाण्याच्या सौद्याची वही. चहा व्हायच्या आतच त्यांनी विषय काढला. "ताई, हिला फिजिक्स करायचंय म्हणती. तू केलंयस. आता तूच सांग, किती घालायचं आणि किती निघंल?"

मला हा प्रश्न मनापासून आवडला. गेल्या काही वर्षांत अनेक पालकांनी मला "फिजिक्सला स्कोप आहे का?" असं विचारलंय आणि त्या प्रश्नाला मला कधीच धड उत्तर देता आलेलं नाही. तात्यांनी मात्र बागाईतदाराचा प्रश्न विचारला. आमच्या तासगाव तालुक्यात नवीन बाग लावायची म्हणजे आधी खुंटरोपं, मग कलम, मग मांडवाचं लोखंड, तारा, ठिबक. पहिलं पीक हातात येईपर्यंत दीड-दोन वर्षं नुसतं पदरचं घालायचं. ही दीड-दोन वर्षं निभावणार कशी, हे ठरवल्याशिवाय शहाणा माणूस खड्डे काढत नाही. शिक्षणाचा निर्णय घेताना मात्र तीच शहाणी माणसं फक्त पहिल्या वर्षाची फी विचारतात.

म्हणून मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर माझा हिशेब मांडला. तोच इथं लिहिते आहे, कारण या दिवसांत असे तात्या घरोघरी आहेत.

माझी बारावी २००९ ची. बी.एस्सी. केलं सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात, २०१२ पर्यंत. रोज गावाहून तासगाव, तिथून विश्रामबाग, एसटीच्या सवलतीच्या पासवर. मग एम.एस्सी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, हॉस्टेलवर राहून, २०१४ पर्यंत. आमच्या आण्णांना सगळं लिहून ठेवायची सवय. त्यांच्या डायऱ्या माझ्याकडं आहेत. एकाच पानावर डिपिंग ऑइल, गंधक, मजुरी आणि खाली "पोरीची फी", "पोरीची मेस". त्या सगळ्या नोंदी मी मागं एकदा बेरजेला घेतल्या. फी, पास, पुस्तकं, मेस, कपडालत्ता, पाच वर्षांचं सगळं मिळून पावणेदोन लाख रुपये. माझा चुलतभाऊ माझ्याच वर्षी बारावी झाला आणि खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला. त्याच्या चार वर्षांना चार लाख लागले. म्हणजे फीपुरतं बघितलं तर फिजिक्स निम्म्याहून कमी खर्चात झालं. आण्णा हे गावात अभिमानानं सांगायचे.

पण हिशेब इथं संपत नाही, खरा इथून पुढं सुरू होतो.

भाऊ २०१३ च्या जुलैत चाकणला नोकरीला लागला. सुरुवातीला चौदा हजार, २०१८ ला अडतीस हजार. त्या पाच वर्षांत त्यानं साधारण पंधरा लाख कमावले. त्याच पाच वर्षांत माझं काय? २०१४ ला एम.एस्सी. झाल्यावर मी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिकांवर, शिकवायला लागले. दोन वर्षांत हातात एक लाख पाच हजार आले. तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत. जूनमध्ये शिकवायला सुरुवात करायची आणि पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम मिळायचे, एका वर्षी तर पुढच्या जूनमध्ये मिळाले. मधल्या काळात एसटीचं तिकीट घरून. पुढं एक वर्ष मुंबईत शिकले, मग एक वर्ष इंटर्नशिप केली, तिथं महिना बारा हजार. पक्की नोकरी लागली २०१८ मध्ये, बारावीनंतर तब्बल नऊ वर्षांनी.

पंधरा लाखातून माझे अडीच लाख वजा करा. फीमध्ये वाचलेले सव्वादोन लाखही वजा करा. तरी दहा लाखांच्या वर राहतात. फिजिक्सची माझी खरी किंमत ही आहे. ती कुठल्याही पावतीवर नाही, म्हणून कुणाला दिसत नाही.

आज मला भावापेक्षा महिन्याला दहा हजार जास्त मिळतात. त्या हिशेबानं फरक भरून निघायला आठ-नऊ वर्षं जातील. हेही मी तात्यांपासून लपवलं नाही. त्यांनी वहीत आकडे बघितले आणि विचारलं, "मग इतकी वर्षं का लागली गं तुला? अभ्यासात तर तू हुशार होतीस."

याचं उत्तर मला सविस्तर द्यायचंय, कारण ती नऊ वर्षं लागायलाच हवी होती असं नाही. निदान दोन वर्षं निव्वळ माहिती नसल्यामुळं गेली.

एम.एस्सी. होईपर्यंत आम्हाला दोनच रस्ते माहीत होते. नेट-सेट करून प्राध्यापक व्हायचं, नाहीतर पीएच.डी.ला लागायचं. मी नेटला बसले, एकदा थोडक्यात हुकलं, दुसऱ्यांदा लेक्चररशिपची पात्रता मिळाली पण जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना दरमहा मिळणारी फेलोशिप, नाही. नेट पास झाल्याचे पेढे आण्णांनी अख्ख्या गल्लीला वाटले. त्यांना वाटलं, आता पोरगी प्राध्यापक झाली. नेट म्हणजे नोकरी नसते, नोकरीच्या अर्जासाठी लागणारी पात्रता असते, हे त्यांना समजावून सांगताना मला रडू आलं होतं. जागा निघतच नव्हत्या. आणि त्याच दोन वर्षांत घरात स्थळं यायला लागली. पाहुणे विचारायचे, "एम.एस्सी. झाली, मग नोकरी कुठंय?" मुलाची थांबायची वर्षं घराला परवडतात, मुलीची परवडत नाहीत, असं आमच्याकडं अजूनही मानलं जातं. ऐन बेदाणा टाकलेला असताना त्या साली अवकाळी पाऊस झाला, माल काळा पडला, आणि तशा वर्षातही आण्णा काकीला एवढंच म्हणाले, "कलम बांधून झालंय, आता उपटायचं नाही."

रस्ता सापडला तो मात्र योगायोगानं. त्याच काकीला पुढं गर्भाशयाचा कॅन्सर निघाला आणि तिला रोज मिरजेला लाईट द्यायला न्यायची जबाबदारी माझ्याकडं आली. रेडिएशनला आमच्याकडं लाईटच म्हणतात. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कोल्हापूर-सोलापूरपासून कर्नाटकापर्यंतची माणसं दुखणं घेऊन मिरजेला येतात. तिथं बाहेरच्या बाकावर बसलेली असताना समोरच्या दारावर पाटी दिसली: मेडिकल फिजिसिस्ट. मी पाच वर्षं फिजिक्स शिकले होते, दोन वर्षं शिकवत होते, आणि हा शब्द पहिल्यांदा वाचत होते. तोही घरापासून तासाभराच्या अंतरावर.

धीर करून दार वाजवलं. आतल्या सरांनी वीस मिनिटं दिली. त्यांनी जे सांगितलं ते असं. कॅन्सरच्या उपचाराचं मशीन चालवायचं तर तिथं मेडिकल फिजिसिस्ट असावाच लागतो, शिवाय रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो, ही अणुऊर्जा नियामक मंडळाची अट आहे. त्यासाठी फिजिक्सचं एम.एस्सी. झाल्यावर मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचा, लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून त्याच्या मोजक्या जागा भरतात. त्यानंतर एक वर्ष एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलात इंटर्नशिप. काही विद्यापीठांत मेडिकल फिजिक्सचं वेगळं एम.एस्सी.ही असतं. मी २०१६ मध्ये मुंबईला गेले. वीस मिनिटांची ही माहिती २०१४ ला मिळाली असती तर माझी दोन वर्षं आणि आण्णांची झोप वाचली असती. वर्गात आम्हाला हे कुणी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तात्यांची मुलगी एवढा वेळ गप्प होती. तिनं विचारलं, "आत्या, तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं?"

मला नीट माहीत आहेत असे अकरा जण. सगळ्यात जास्त पैसे विट्यात नीट आणि जेईईचे क्लास घेणारा कमावतो. दोघं बँकेत आहेत, एक जण राज्यसेवेच्या मागं सहा वर्षं होता, आता राज्यकर निरीक्षक आहे. एक मैत्रीण पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, प्रोग्रॅमिंग ती स्वतःच शिकली. दोघी बी.एड. करून ज्युनिअर कॉलेजला आहेत, पैकी एक विनाअनुदानितवर. एक जण शेती बघतो आणि चांगली बघतो. एक दक्षिण कोरियात पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन करतो. कोल्हापूरच्या प्रयोगशाळांतून थिन फिल्मवर काम करून कोरियाला जाणं ही आमच्याकडं जुनी वहिवाटच आहे, काचेच्या पट्ट्या क्रोमिक ॲसिडमध्ये धुवून त्यावर झिंक ऑक्साइडचा थर फवारत आम्ही सगळ्यांनीच ते स्वप्न बघितलेलं असतं. राहिलेले दोघं अजून सीएचबीवरच आहेत. बारावीत त्यातला एक आमच्या सगळ्यांच्या पुढं होता. त्याच्याविषयी लिहिताना हात थांबतो.

म्हणून मी सांगते की एकट्या माझं उदाहरण बघून निर्णय घेऊ नका, या अकरांकडं बघा. उपाशी कुणी नाही. पण नोकरी करताना रोज फिजिक्स हातात असतं असे जेमतेम निम्मे.

माझ्या वेळेपेक्षा आता काही गोष्टी बदलल्यात, त्या तात्यांना सांगणं भाग होतं. पहिली गोष्ट फिजिक्सच्या विरोधात जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं. म्हणजे "इंजिनिअरिंग परवडत नाही, म्हणून बी.एस्सी." हे कारण मुलींपुरतं तरी पुष्कळसं संपलं. मला यात आनंदच आहे. आता जी मुलगी फिजिक्सला येईल ती फिजिक्ससाठी येईल. नीट लागली नाही म्हणून, कुठंतरी ॲडमिशन हवी म्हणून किंवा मैत्रीण गेली म्हणून ज्या येतात, त्यांचे हाल मी शिकवताना बघितलेत. क्वांटमचा पेपर आला की त्यांच्या डोळ्यांत जी भीती दिसायची ती मला आठवते.

दुसरी गोष्ट, नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मग एका वर्षात एम.एस्सी. होतं. वर्षं तितकीच, पण मधे उतरायचे थांबे वाढले.

तिसरी गोष्ट मी वहीत अधोरेखित करून लिहिली: जॅम. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची आणि बंगळूरच्या आयआयएस्सीतल्या इंटिग्रेटेड पीएच.डी.साठीची ही परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीत असते. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. आमच्या वर्गात ती कुणीच दिली नाही, कारण तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आणि पीएच.डी.ला जायचंच असेल तर जेआरएफ घेऊन जा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढं ४२ हजार झालीय, घरभाडं वेगळं. म्हणजे चोविसाव्या वर्षी मुलगी घरचं मागत नाही, उलट घरी थोडे पाठवू शकते. फेलोशिपशिवाय पीएच.डी. म्हणजे पुन्हा तेच, पदरचं घालत राहणं.

शिक्षक व्हायचं असेल तर एम.एस्सी.वर बी.एड.ची आणखी दोन वर्षं धरायची. आणि मग भरतीची वाट. राज्याची शिक्षक अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, त्यानंतर एकदम २०२३ ला. ज्यांची बी.एड. २०१८ ला झाली त्यांनी ती पाच वर्षं काय केलं असेल, याचा विचार करा. मला या एका गोष्टीचा फार राग येतो. शिकवायला मनापासून उत्सुक असलेली पोरं आपण अशी कोरड्यावर ठेवतो.

तात्यांनी वही मिटली नाही. पेन काढून त्यांनी पानाच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: "६ वर्षे." माझ्याकडं बघून म्हणाले, "सहा वर्षं मी ओढू शकतो. सातव्या वर्षी धाकट्याचं शिक्षण येतं. सहा वर्षांत हिला पायावर उभं राहता येईल काय, ते सांग."

मी सांगितलं ते थोडक्यात असं: येईल, पण तिसऱ्या वर्षाला जॅम द्यायची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातच नेट आणि मुंबईच्या डिप्लोम्याचा अर्ज, दोन्ही करायचं, आणि पहिल्या वर्षापासून प्रोग्रॅमिंग शिकायचं. सहाव्या वर्षी एकही दार उघडलं नाही तर बँकेची परीक्षा द्यायची, त्यात कमीपणा नाही. सीएचबी एकच वर्ष, दुसरं नाही. ही शेवटची अट मी मुलीकडून तोंडी कबूल करून घेतली.

पुढच्या आठवड्यात परवानगी काढून मी तिला आणि तात्यांना मिरजेला, मी आता मेडिकल फिजिसिस्ट आहे त्या हॉस्पिटलात बोलावलं. सगळे पेशंट झाल्यावर, बीम बंद असताना, मशीनच्या खोलीत नेलं. दोन मीटरच्या वर जाडीची काँक्रीटची भिंत तात्यांनी हात लावून बघितली. मी तिला आयन चेंबर दाखवलं. पेन्सिलीएवढी वस्तू, तिच्या टोकात ०.६ घनसेंटिमीटर हवा. रेडिएशन त्या हवेतून गेलं की जेवढा विद्युतभार तयार होतो, तो मोजून आम्ही ठरवतो की मशीन बरोबर डोस देतंय की नाही.

"पण हवा रोज सारखी नसते," मी म्हणाले. "उन्हाळ्यात विरळ, थंडीत दाट. आणि आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, त्यामुळं इथं दाब मुळातच कमी. चेंबरमध्ये हवा कमी, म्हणजे आकडाही कमी येणार. मशीन बरोबर असलं तरी. मग काय करशील?"

तिनं भिंतीवरचा थर्मामीटर वाचला, चोवीस. बॅरोमीटर वाचला, नऊशे पन्नास मिलिबार. मी प्रमाण तापमान आणि प्रमाण दाब सांगितला, वीस अंश आणि एक हजार तेरा. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आत्या, हे अकरावीतलंच आहे ना, वायूचं? तापमान केल्विनमध्ये घ्यायचं." आणि तात्यांच्या खिशातून पेन घेऊन त्याच वहीत लिहायला लागली. २९७ भागिले २९३. गुणिले १०१३ भागिले ९५०. उत्तर, १.०८१.

"आठ टक्के," ती म्हणाली.

"आठ टक्के. आम्हाला दोनाच्या वर चूक चालत नाही. हा गुणाकार विसरून कुणी मशीन 'सुधारायला' गेलं, तर उद्या सकाळी पहिल्या पेशंटला आठ टक्के डोस जास्त जाईल. आणि तो रोज, पंचवीस-तीस दिवस."

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मुलीच्या हातातली वही घेतली, तिनं केलेलं गणित आणि वर त्यांनी लिहिलेली सहा वर्षं, दोन्ही एकाच पानावर होती. बाहेर बाकावर एक बाई डोक्यावर पदर घेऊन उद्याच्या वेळेची चिठ्ठी मिळायची वाट बघत बसली होती, काकी बसायची त्याच बाकावर. काकी आता बरी आहे, मागच्या आठवड्यात तिनं मला शेवग्याच्या शेंगा पाठवल्या.

परतीच्या एसटीत बसताना तात्यांनी खिडकीतून विचारलं, "ताई, विलिंग्डनचा फॉर्म ऑनलाइनच भरायचा ना?"

मी हो म्हटलं. दाखल्यांची यादी रात्री व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्पन्नाचा दाखला काढायला ते सोमवारी तासगावला जाणार आहेत.